तीन वर्षं ठेवायची फाईल

गुरुग्राम,
९ मार्च २०२५

प्रिय हेमाताई,

नमस्कार. आधी खुशाली विचारायची असते, तसं लिहून तीन कागद फाडले. हा चौथा. आता जसा होईल तसा पोस्टात टाकणार आहे. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव मुद्दामच घातलं नाही. माझं नाव बघून तू ते न उघडताच कपाटावर टाकून दिलं असतंस, तर मी काय म्हणणार होते?

पत्ता मानसने दिला. तुझा भाचा गुणी आहे गं, कशाला हवाय म्हणून एका शब्दाने विचारलं नाही त्याने. फोन नंबरही दिलाय, पण फोन मी करणार नाही. पलीकडचं माणूस गप्प झालं की मला घाम फुटतो, आणि तू गप्प बसण्यात पहिल्यापासून पटाईत.

इकडचं सांगते. हे गेल्याला चार वर्षं झाली, ते तुला कळलं होतं. गेल्या जूनमध्ये मी रिटायर झाले. अडतीस वर्षं एकच युनिव्हर्सिटी आणि एकच रेकॉर्ड सेक्शन, खुर्ची तेवढी तीनदा बदलली. मग क्वार्टर सोडलं आणि अंशुमनकडे आले, सतराव्या मजल्यावर. इथून खाली माणसं दिसतात, पण कोण ते कळत नाही. नात सहा वर्षांची आहे, रेवती. परवा तिला म्हटलं, "उंबऱ्यावर उभी राहू नकोस," तर म्हणते, "आजी, उंबरा मतलब?" दाखवायला गेले तर ह्यांच्या फ्लॅटला उंबराच नाही. सून हसली, मीही हसले.

घरात बसून राहणं मला जमेना. तेवढ्यात रजिस्ट्रारसाहेबांनी बोलावलं. युनिव्हर्सिटीला पंचाहत्तर वर्षं होतायत, तर इतिहास गोळा करायचाय. इमारतींचे फोटो पोतंभर आहेत, माणसांचं काही नाही. म्हणून जुन्या लोकांना गाठायचं, त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या, त्यांच्याकडचे कागद, फोटो, ओळखपत्रं स्कॅन करून घ्यायची. "मॅडम, आपको तो सब पता है," म्हणाले. सब पता है म्हणूनच नाही म्हणायला हवं होतं. पण हो म्हणून बसले.

काम कृतिका नावाची मुलगी बघते. तिशीची आहे, जन्मापासून दिल्लीत, मराठी नावालाच, पण शिस्त अशी की आमचे जुने साहेब फिके पडावेत. तिचा पहिला नियम असा, की प्रश्न विचारायचा आणि तोंड बंद. मध्ये "हो का", "अरेरे" काही करायचं नाही, सगळं रेकॉर्डिंगमध्ये येतं. समोरचा रडायला लागला तर पाण्याचा ग्लास सरकवायचा, बोलायचं नाही. पहिल्याच मुलाखतीत मी बागेतल्या म्हाताऱ्या माळ्याला चौदा वेळा अडवलं. तिने मोजून दाखवलं. आता बऱ्यापैकी जमतं.

बरं, मुद्द्यावर येते. दोन जणांनी आपणहून तुझी आठवण काढली, लायब्ररीतल्या एक बाई आणि कँटीनचा जुना माणूस. "वो महाराष्ट्रवाली दीदी, जो झोला टाँगके मानेसर जाती थी." कृतिकाने लगेच तुझं नाव यादीत घातलं. मी घातलं नाही. खरं तर काढायला निघाले होते, पण कारण काय देणार.

तर विचारते, बोलशील का? साडेतीन वर्षं तू आमच्या आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये होतीस, माझ्या खाटेला खाट लावून. मावसबहीण हे लोकांना सांगायला, घरात सख्खीच. ते दिवस सांग, तुझं रिसर्च सांग, काय वाटेल ते सांग. तक्रारीचं बोलायलाच हवं असं काही नाही. ते कागद तर सेक्शनच्या शिफ्टिंगमध्ये गहाळ झाले, तुला माहीतच आहे. उगाच त्यात कशाला शिरायचं.

अकोल्याला ऊन चढलं असेल. जप.

तुझीच,
सुहास



गुरुग्राम,
६ एप्रिल २०२५

प्रिय हेमाताई,

तुझं पत्र आलं. चारच ओळी, पण अक्षर तेच, मोत्यासारखं आणि कडक. "बोलेन. पण आठवणीतून नाही, कागद हातात घेऊन. आधी माझ्या पाच वह्या शोध. शिफ्टिंगमध्ये हरवलेली वस्तू कुठल्यातरी खोलीतच असणार." वाचता वाचता माझं दूध उतू गेलं. सुनेने गॅस बंद केला तेव्हा कळलं.

कृतिकाला सांगावं लागलं. तुझं-माझं नातं सांगितलं नाही, "पुरानी पहचान है" इतकंच म्हटलं. कसल्या वह्या, तिने विचारलं, आणि एकदा सुरू झाले ती थांबेचना. पाच लांब वह्या, खाकी पुठ्ठ्याच्या. मानेसरच्या आसपासच्या गावांतल्या बायका. जात्यावरची गाणी, बाळंतपणाची गाणी, कोण कुठून लग्न होऊन आली, फाळणीच्या वेळी कुणाच्या घरात कोण लपलं होतं. तू रोडवेजच्या बसने जायचीस आणि धुळीने भरून यायचीस. आई तुला आधी मोरीत पाठवायची. मग रात्रीची भाकरी होईपर्यंत तू आईला वाचून दाखवायचीस आणि आई परात बाजूला ठेवून ऐकायची. ती सरबती आठवते? "मेरी बात ले जा रही है तो मेरा अँगूठा भी ले जा," म्हणून प्रत्येक पानाखाली अंगठा उठवायची. तुझी अर्धी वही निळी झाली होती.

कृतिकाने सगळं लिहून घेतलं. म्हणाली, आम्ही आज संमतीचे फॉर्म छापतो, तेच काम ती बाई तेव्हा करत होती. मग तिच्या अंगातच आलं. मंगळवारी मला घेऊन मानेसरला गेली.

ताई, तू आता ओळखणार नाहीस. हायवेवर कंपन्यांच्या बसची रांग, शिफ्ट सुटली की बिल्ल्यावाल्या पोरांचे लोंढे, शेअर रिक्षात आठ-आठ माणसं. तू सांगायचीस तो जोहड, म्हणजे गावतळं, तो वड, काही नाही. त्या जागी गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना आहे. जमिनी गेल्या, घरं पांगली, कोणी रेवाडीला, कोणी कुठे. एक म्हातारा भेटला. सरबतीचं नाव काढलं तर म्हणाला, "ताई मर गई, बीस साल हो लिए." ताई म्हणजे त्यांच्याकडे थोरली काकू. गाणी विचारली, तर त्याच्या सुनेने मोबाईलवर कुठलंतरी लग्नाचं गाणं लावून दाखवलं. परतताना कृतिका म्हणाली, "मतलब अब जो है, वो उन कॉपियों में ही है." मी खिडकीबाहेर बघत बसले.

ह्यानंतर चार दिवस तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये शोधाशोध चालली आहे. मी पण शोधतेय. हातमोजे घालून, तोंडाला फडकं बांधून, रॅकमागून रॅक.

हेमाताई, मी शोधतेय असं लिहिलं खरं, पण त्या तिथे नाहीत हे मला माहीत आहे.

त्या शिफ्टिंगमध्ये हरवल्या नव्हत्या. वीडिंगमध्ये गेल्या, १९९१ च्या एप्रिलमध्ये. वीडिंग म्हणजे जुन्या फायली निवडून कागदाच्या लगद्याला पाठवणं. फाईल बंद झाली की तिच्यावर एक अक्षर टाकायचं. ए म्हणजे कायम ठेवायची, बी म्हणजे दहा वर्षं, सी म्हणजे तीन. रजेचे अर्ज, पंखा दुरुस्तीची पत्रं, असलं सगळं सीमध्ये. तुझ्या तक्रारीच्या फाईलवर कुणीतरी लाल पेन्सिलीने सी लिहिलं होतं. वह्या आतच होत्या.

गंमत अशी आहे की फायली जातात, पण काय काय नष्ट केलं त्याचं रजिस्टर मात्र कायम ठेवतात. ते परवा निघालं. मीच काढलं. तुझं नाव आहे, "संलग्न पाच वह्या" असंही आहे. खाली सही आहे, ती पुसट झालीय.

तुला हे वाचून काय वाटेल, ते मला लिहू नकोस, किंवा लिही. कळत नाही.

तुझी,
सुहास



गुरुग्राम,
२७ एप्रिल २०२५

प्रिय हेमाताई,

तीन आठवडे झाले, तुझं काही नाही. कुणीतरी म्हणजे कोण, हे तू विचारशील म्हणून वाट बघत होते. तू विचारलंस की सांगायचं, असं मनाशी ठरवलं होतं. बघ, इथेही मी तुझ्यावरच टाकत होते.

ते सी मी लिहिलं. रजिस्टरमधली सहीसुद्धा पुसट वगैरे काही नाही, लख्ख आहे. माझी आहे.

आता पहिल्यापासून सांगते आणि ह्या वेळी काही गाळत नाही.

१९८८ चा फेब्रुवारी. तुझ्या गाइडचं पुस्तक येऊन तीन महिने झाले होते. तुझ्या बायका, तुझी गाणी, आणि तुझं नाव आभाराच्या यादीत अकरावं. तू तक्रार लिहिलीस आणि पुरावा म्हणून मूळ वह्याच जोडल्यास. बाबा जेवताना म्हणाले, "आवक टपालाच्या काउंटरवर दे, नंबर घे, शिक्का मारून पावती घे." त्यांची सगळी हयात सरकारी नोकरीत गेलेली. तू हसलीस. माझ्याकडे बोट करून म्हणालीस, "घरचीच मुलगी तिथे बसलीय, काका, पावती कशाला?" आणि पाकीट माझ्या ताटाशेजारी ठेवलंस. मला त्या वेळी केवढं भारी वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ते हरिदासजींकडे दिलं, आमचे सेक्शन ऑफिसर. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, आणि अगदी मायेने म्हणाले, "बेटा, प्रोफेसरसाहब कमेटी में हैं. तुम्हारी कन्फर्मेशन की फाइल भी जून में इसी मेज़ पर आएगी. इसको रूटीन में डाल दो, अपने आप ठंडा हो जाएगा." ओरडले नाहीत, धमकी दिली नाही. त्यांनी लाल पेन्सिल पुढे केली आणि मी ती घेतली.

मी नुकती तेवीस पुरी केली होती. बाबांची नोकरी दीड वर्षाची राहिली होती, घरात माझ्या लग्नाचं चाललं होतं, माझी नोकरी पक्की व्हायची होती. हे सगळं खरं आहे. पण तू त्याच घरात होतीस आणि तुझंही सगळं त्या पाकिटात होतं. मी संध्याकाळी घरी येऊन तुला सांगू शकले असते की वह्या परत घे. दुसऱ्या दिवशीसुद्धा सांगू शकले असते. तू विचारलंस, "दिलंस ना गं?" मी म्हटलं, "हो, दिलं." तेवढंच.

सप्टेंबरमध्ये कमिटी बसली आणि कागद मिळत नाहीत म्हणून उठली. तुझ्याकडे ना पावती, ना नंबर. त्यांनी तुला विचारलं, तक्रार दिलीच होती हे कशावरून? तू माझं नाव घेतलं नाहीस. बहिणीची नोकरी जाईल म्हणून घेतलं नाहीस, हे मला आईने नंतर सांगितलं. मी तुला सांगितलं, शिफ्टिंगमध्ये गेलं असेल. जानेवारीत तू ट्रंक भरलीस. निजामुद्दीन स्टेशनवर मी रडले, आणि तू माझी समजूत घातलीस.

सगळ्यांत वाईट ते पुढचं आहे. फाईल तीन वर्षं तिथेच होती, ताई. खालून दुसऱ्या फळीवर. तू अकोल्याहून पत्रं लिहीत होतीस, शाळेत नोकरी धरली, पुन्हा रिसर्चचं मन होत नाही असं लिहीत होतीस, आणि मी रोज त्या फळीसमोरून डबा घेऊन जात होते. जून ८८ मध्ये कन्फर्म झाले. त्यानंतर तर भीतीचं काही कारणच उरलं नव्हतं. कुठल्याही दिवशी उचलून पार्सल केली असती तर दोन दिवसांत तुझ्या हातात पडली असती. पण मग इतके दिवस कुठे होती, हे सांगावं लागलं असतं. म्हणून मी तुझ्या पत्रांना उत्तरं देणं बंद केलं. तू काय केलंस म्हणून मी अबोला धरला, असं तुला वाटलं असेल. तू काही केलं नव्हतंस.

१९९१ ला वीडिंगची यादी माझ्याकडेच आली. मी फाईल उघडली. एक वही काढून बघितली. सरबतीचे निळे अंगठे तसेच होते. माझ्या पर्समध्ये पाचही मावल्या असत्या. मी स्वतःला म्हटलं, आता काय उपयोग, ताई तर निघून गेली. आणि गठ्ठा बांधला.

आईच्या तेराव्याला, २००९ ला, तू स्वयंपाकघराच्या दारात येऊन मला विचारलं होतंस, "कधी काही सापडलं का गं?" मी म्हटलं, खीर लागतेय, आणि ओट्याकडे वळले. तू वळलेली पाठ बघत थोडा वेळ उभी होतीस. मला कळत होतं.

हे आता का लिहितेय, तेही सांगते. पश्चात्ताप सदतीस वर्षांनी एकदम जागा झाला असं नाही. ते रजिस्टर स्कॅनिंगला लागलंय, म्हणून लिहितेय. पंधरा-वीस दिवसांत ते सगळ्यांसाठी खुलं होईल आणि कृतिका माझी सही ओळखेल. ते रजिस्टर निघालं नसतं तर मी लिहिलं असतं की नाही, मला सांगता येत नाही.

मी तुझं वाटोळं केलं आणि वर तुझ्याकडून समजूत घालून घेतली. मला माफ कर म्हणायची छाती होत नाही. पण मनात तेच आहे, ते लपवून काय करू.

सुहासिनी



गुरुग्राम,
२२ जून २०२५

हेमाताई,

हे पत्र ऑफिसच्या पाकिटातून येतंय, कारण सोबत तुझ्या मुलाखतीचा लिहून काढलेला मजकूर आहे, एकोणचाळीस पानं. आमच्याकडे अशी पद्धत आहे की बोलणाऱ्याला मजकूर एकदा पाठवतात. जिथे चुकलं असेल तिथे खोडायचं, शेजारी बरोबर लिहायचं, सही करून परत पाठवायचं. तू जे दुरुस्त करशील ते शेवटचं. टाइप मीच केलंय, दुसऱ्या कुणाला दिलं नाही.

तू येशील असं मला खरंच वाटलं नव्हतं. मानसचा मेसेज आला, "आत्या २८ मेला दिल्लीत आहे, मुलाखत तुम्हीच घ्यावी अशी तिची अट आहे," तेव्हा मी वेड्यासारखी घरातली खोली आवरली. नवी चादर घातली. रेवतीला तुझ्याबद्दल सांगितलं, ती विचारत होती, "वो कौन-सी वाली आजी हैं?" मग कळलं की तू कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात उतरली आहेस. चादर तशीच आहे अजून.

त्या दिवशी पंचेचाळीस डिग्री होतं आणि तू सदनापासून मेट्रोने आलीस. किती वाळलीस गं. मी दारात आले, वाकणार होते, तर तू पर्स ह्या हातातून त्या हातात घेतलीस आणि आत गेलीस.

मी रेकॉर्डर लावला आणि नियमाप्रमाणे विचारलं, "तुमचं नाव आणि जन्मसाल सांगाल?" तू सांगितलंस. त्यानंतर दोन तास दहा मिनिटं मी एक शब्द बोलले नाही. कृतिका म्हणाली, माझी सगळ्यांत चांगली मुलाखत झाली.

तू त्या बायकांची नावं घेतलीस, गल्लीतल्या घरांच्या ओळीने, पहिल्या घरापासून. मी टाइप करताना मोजली, तेवीस. कोणाला किती मुलं, कोण तोतरं बोलायची, कोणाच्या नवऱ्याने चूल लाथाडली. मग गाणी म्हणायला लागलीस. तुझा आवाज असा आहे हे मी विसरले होते. पहिल्या गाण्याच्या दोन ओळी झाल्या आणि तू थांबलीस. दुसऱ्याच्या तीन. तिसऱ्याला पहिल्या ओळीनंतरच थांबलीस, डोळे मिटून शोधत राहिलीस, आणि म्हणालीस, "पुढचं वहीत आहे." आहे म्हणालीस. पान सतरा बघ, तिथे मी "शांतता, ५२ सेकंद" असं लिहिलंय. त्या बावन्न सेकंदांत मी पाण्याचा ग्लास पुढे केला होता. तू घेतला नाहीस.

मी तुझ्या तोंडून माझं नाव यायची वाट बघत होते. हात मांडीखाली दाबून बसले होते. तू तक्रारीवर आलीस, कमिटीवर आलीस, आणि म्हणालीस, "ऑफिसातल्या कुणीतरी ती फाईल रद्दीत काढली, असं मला अलीकडे समजलं." कुणीतरी म्हणालीस. आणि पुढे लायब्ररीचं सांगायला लागलीस. मला क्षणभर वाटलं, वाचवलंस. त्या बावीस नंबरच्या पानावर येऊन मी किती वेळ बसले होते टाइप करताना. तू मला वाचवलंस की तुझ्या आयुष्यातून काढलंस, ते मला अजून कळलेलं नाही.

रेकॉर्डर बंद केल्यावर मी म्हटलं, "ताई." तू म्हणालीस, "तुमचा फॉर्म द्या, सही करते." तुमचा म्हणालीस. खाली लिहिलंस, सर्वांसाठी खुलं, कोणतीही अट नाही. तेवढ्यात कृतिका चहा घेऊन आली आणि तिला काय सुचलं, म्हणाली, "आप दोनों की शकल कितनी मिलती है, रिश्तेदार हैं क्या?" तू चष्म्याची डबी पर्समध्ये टाकत म्हणालीस, "नहीं. ये यहाँ काम करती हैं." चहा घेतला नाहीस. गेटपर्यंत कृतिका आली, मी वरच्या खिडकीतून बघितलं.

मी त्यावर रागावलेले नाही. तेच सांगायला तू एवढ्या उन्हात एवढ्या लांब आलीस, हे मी समजून आहे.

दुसऱ्या आठवड्यात मी स्वतः बोलणाऱ्याच्या खुर्चीत बसले. कृतिकाला सांगितलं, माझी मुलाखत घे. नाव, हुद्दा, काय केलं, कोणत्या तारखेला, कोणत्या पेन्सिलीने, तीन वर्षं कोणत्या फळीवर, सगळं सांगितलं. हरिदासजी आता नाहीत, म्हणून त्यांच्यावर ढकलणं सोपं होतं. तरी पेन्सिल मी घेतली हेच सांगितलं. तिला हेही कळलं की आपण एका घरात राहत होतो. ती पोरगी डोळे पुसत होती, पण नियमाप्रमाणे बोलली नाही. माझ्या फॉर्मवरही मी कोणतीही अट घातलेली नाही. फक्त तुझं नाव तुला न विचारता घेतलं नाही. जिथे ते येतं तिथे जागा कोरी आहे. ती भरायची की नाही, तू कळव.

रजिस्टरचं ते पान स्कॅन झालं. मुलं बघतील, अंशुमनही बघेल. मी त्याला आधीच सांगून ठेवलं. त्या रात्री तो जेवायला उशिरा आला.

आता कामाचं. तुझ्या मजकुराच्या पहिल्या पानावर एक तक्ता आहे, तो दोघींच्या सहीने पुरा व्हावा लागतो. बोलणाऱ्याचं नाव, जन्मसाल, मुलाखतीची जागा, भाषा, कालावधी. ते सगळं तपासून घे. शेवटचा रकाना आहे, मुलाखत घेणाऱ्याशी नातं. कृतिका म्हणाली, तो कोरा ठेवता येत नाही. मी बराच वेळ विचार केला आणि तू त्या दिवशी जे सांगितलंस तेच लिहिलं. तिथे "नाही" असं लिहिलंय.

चुकलं असेल, तर खोडून बरोबर लिही आणि सही करून परत पाठव. मी वाट बघते.

सुहास